सांगोल्याच्या उन्हात एक एकर : काय लावायचे आणि केव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोला तालुक्यात एक एकर मुरमाड जमीन आणि एक विहीर. जानेवारीपर्यंत पाण्याची चिंता नाही, एप्रिलमध्ये मात्र दिवसाला पाच-सहा हजार लिटरच मिळते. निवृत्तीनंतर पुण्याहून गावी आलेल्या ताईंनी फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटो आणि सिमला मिरची लावली. झाडे जोमाने वाढली, फुलांनी भरली आणि एप्रिलमध्ये सगळी फुले गळून गेली. घरापुरते होऊन थोडे आठवडी बाजारात नेता येईल असे काय लावावे, फळझाडे कोणती घ्यावीत आणि नातवासाठी सफरचंद लावले तर येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, खतात किंवा पाण्यात कारण शोधू नका. झाडे जोमात होती म्हणजे ते दोन्ही ठीकच होते. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचा २४-२५ च्या वर राहू लागला की टोमॅटोचे पराग निकामी होतात. फूल उमलते, पण फळ धरत नाही, आणि न धरलेले फूल झाड टाकून देते. सिमला मिरची तर याहून नाजूक. अशा वेळी फुलगळीवरची औषधे आणून मारली जातात, आणि खर्चाखेरीज हाती काही लागत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी ४१-४२ असते, त्यातून झाड पाण्याच्या जोरावर तरून जाते, पण रात्र थंड होत नाही तिथे फळधारणा अडते.

म्हणून पीक निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहतो : त्याचे फूल कोणत्या महिन्यात येणार? झाड उन्हात जगते की नाही हा नंतरचा प्रश्न. टोमॅटो आपल्याकडे उत्तम येतो, फक्त बी ऑगस्टच्या शेवटी गादीवाफ्यावर टाकायचे, रोपे सप्टेंबरच्या शेवटी लावायची, म्हणजे फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंड रात्रींत सापडतो. सिमला मिरचीलाही हीच वेळ. घरापुरती आणि शेडनेटखाली असेल तरच ती लावा.

आता उन्हाळ्याकडे येऊ. याच उन्हात फुलणारी आणि फळणारी पिके आपल्या आजीच्या परसात होतीच : गवार, भेंडी, चवळी, दोडका, कारले, दुधी, काकडी, कलिंगड, माठ, अंबाडी. बाजारात मार्च ते जूनमध्ये भाव यांनाच मिळतो.

गवारीपासून सुरुवात करा, कारण मुरमाड जमीन तिला मानवते. मुळे खोल जातात, शिवाय मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळत असल्याने युरिया लागत नाही. पुसा नवबहार हे जुने, खात्रीचे वाण आहे. उन्हाळी गवार जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीअखेर टोकायची. पाणी मात्र हात राखून द्या. सारखे ओले ठेवले तर गवार नुसती पानांवर जाते आणि शेंगा उशिरा लागतात. शेंग कोवळी असतानाच तोडायची, दोन दिवस राहिली की शिरा धरते आणि झाडही थकते.

भेंडीचे बी थंड जमिनीत नीट उगवत नाही, त्यामुळे घाईने डिसेंबरमध्ये लावू नका. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर भिजवून टोकले की उगवण चांगली होते. उन्हाळ्यात झाड पावसाळ्याइतके फोफावत नाही, म्हणून ओळींत ४५ सेंटीमीटर आणि झाडांत १५ ते २० सेंटीमीटर एवढे जवळ लावता येते. जवळ लावलेल्या झाडांची सावली जमिनीवर पडते आणि ओल टिकते, हा दुसरा फायदा. ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो, मग दिवसाआड तोडायलाच हवी. भेंडीचा खरा शत्रू म्हणजे केवडा, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू. तो पांढऱ्या माशीने पसरतो आणि कोरड्या उन्हात ही माशी वाढते. अर्का अनामिका आणि परभणी कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही वाणे याला बऱ्यापैकी तोंड देतात. शिवाय भेंडीभोवती मक्याच्या दोन दाट ओळी भेंडीच्या पंधरा-वीस दिवस आधी पेरा. माशीला आडकाठी होते, पश्चिमेचा गरम वाराही अडतो, आणि कणसे घरात खायला मिळतात. पहिले एक-दोन पिवळे झाड दिसताच उपटून लांब न्या, दया दाखवू नका.

वेलभाज्यांवर जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत इथे जास्त होते. काकडी, दोडका, कारले, दुधी या साऱ्यांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नराच्या मागे नुसता देठ असतो. आधी नर फुले येतात आणि गळतात, ती गळणारच, घाबरू नका. पण ऊन तापते आणि दिवस मोठा होतो तशी वेलीवर नर फुले वाढतात आणि मादी कमी होतात. म्हणून वेलांचे बी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत टोकावे. मार्चच्या मध्याला पहिला मादी फुलोरा मिळाला तर एप्रिलच्या कडक उन्हात वेल फळे पोसण्यात गुंतलेला असतो. मार्चमध्ये टोकलेला वेल मे महिन्यात नुसत्या नर फुलांनी पिवळा दिसतो आणि टोपली रिकामी राहते.

दुसरी गोष्ट फुले उमलण्याच्या वेळेची. काकडी, कलिंगड, कारले आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात आणि मधमाश्या दहा-अकरापर्यंत काम उरकतात. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे पतंग आणि तिन्हीसांजेचे कीटक येतात. 'फवारणी संध्याकाळी करा म्हणजे मधमाशी वाचते' हा सल्ला काकडीला बरोबर आहे, पण दोडक्याच्या मांडवावर संध्याकाळी पाचला फवारलेत तर परागीभवन करणारे तिथेच मरतील. दोडका-दुधीवर काही मारायचेच झाले तर भल्या पहाटे मारा, आणि फुले धरत नसतील तर संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलावर अलगद फिरवा. घरापुरत्या आठ-दहा वेलांना हे रोज पाच मिनिटांचे काम आहे.

फळे वेडीवाकडी होऊन आतून किडत असतील तर ती फळमाशी. वेलवर्गाला 'क्यू ल्युअर' या माशी ओढणाऱ्या गंधाचा सापळा लागतो. आंबा-पेरूसाठी मिळणाऱ्या मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात वेलांवरची माशी येत नाही, हे दुकानातून घेताना पाहून घ्या. किडकी फळे बांधावर टाकू नका, खोल पुरा.

वाणे सांगायची तर काकडीला राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी, कारल्याला फुले ग्रीन गोल्ड किंवा दापोलीची कोकण तारा, दुधीला सम्राट. कलिंगडात घरापुरते शुगर बेबी बरे, आटोपशीर फळ, फ्रिजमध्ये मावते. कलिंगड जानेवारीत लावून एप्रिलमध्ये संपवा. फळ पक्व होत असताना पाणी कमी करा, नाहीतर गोडी येत नाही आणि फळ तडकते.

मांडव सहा-साडेसहा फूट उंच करा, पूर्व-पश्चिम लांबीचा. कारले-दोडक्याने तो एप्रिलपर्यंत झाकला की खाली फुकटची शेडनेट तयार होते. त्या सावलीत कोथिंबीर घ्या. उन्हाळ्यात कोथिंबिरीचा भाव सगळ्यांना माहीत आहे, आणि उघड्यावर ती उगवत नाही हेही. धने हलके रगडून दोन भाग करा, बारा तास भिजवा, सावलीत पेरा, वर पोते किंवा पाचट झाका आणि कोंब दिसताच झाकण काढा. पुदिनाही तिथेच. पालक-मेथीच्या नादाला मे महिन्यात लागू नका, त्या ऐवजी माठ, तांदुळजा, अंबाडी पेरा, तीन आठवड्यांत पहिली भाजी मिळते.

वांगे आणि मिरची सोसतात, पण शेंडे-फळ पोखरणारी अळी आणि मिरचीवरचा चुरडा-मुरडा सांभाळायची तयारी हवी. पहिल्या वर्षी दहा-दहा झाडांच्या पुढे जाऊ नका.

आता पाणी, कारण तुमचा सगळा हिशोब यावर आहे. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. मे महिन्यात आपल्या भागात दिवसाला १० मिलिमीटरहून अधिक पाणी हवेत उडते. भरल्या भाजीच्या प्लॉटला ठिबक आणि आच्छादन असूनही गुंठ्याला सहाशे-सातशे लिटर धरा. म्हणजे पाच हजार लिटरमध्ये चार गुंठे भाजी आणि उरलेले फळझाडांना, याच्या पुढे जाऊ नका. दहा गुंठ्यांवर थोडे थोडे पाणी फिरवले तर दहाही गुंठे वाळतात.

आच्छादनाला उसाचे पाचट, तूरकाड्या, वाळले गवत, जे मिळेल ते चार बोटे जाड टाका. पाणी पहाटे द्या. दुपारी देणे भाग पडले तर आधी ठिबकच्या नळीचे शेवटचे तोंड उघडून उन्हात तापलेले पाणी सोडून द्या, मग बंद करा. काळ्या नळीत दुपारी पाणी हात भाजेल इतके तापते, ते कोवळ्या मुळांवर घालू नये. दुपारी दोनला वेल माना टाकताना दिसले म्हणून धावत पाणी सोडायचे नाही. सूर्य उतरल्यावर पाने सरळ झाली तर मुळाशी ओल आहे. सकाळी सातलाही पाने मलूल असतील तरच पाणी कमी पडते आहे.

बांधाकडेला आठ-दहा वेल लावायचे असतील आणि ठिबक तिथे पोहोचत नसेल तर चकाकी दिलेले नव्हे, साधे पाझरणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, भोवती तीन-चार बिया टोका, मडके भरून वर झाकण ठेवा. वेलाची मुळे मडक्याभोवती जाळे करतात. दुष्काळी गावांत हे चांगले चालते आणि पाणी अगदी कमी लागते.

फळझाडांकडे वळू. इथेही तोच विचार, आणि माझ्या मते कोरडवाहू फळझाडांइतके हुशार दुसरे काही नाही. आवळा पाहा. मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, फळ धरतो आणि मग ते मोहरीएवढे फळ सारा उन्हाळा वाढतच नाही. पाऊस सुरू झाला की वाढायला लागते. ज्या महिन्यांत पाणी नाही त्या महिन्यांत झाड मागतच नाही. बोर तर उन्हाळ्यात पाने टाकून झोपते. एप्रिलच्या शेवटी छाटणी करायची, पाणी पूर्ण बंद ठेवायचे, पावसाळ्यात नवी फूट, त्यावर फुले आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे. उमराण किंवा कडाका घ्या. बोरीचे सोटमूळ खोल जाते आणि पिशवीत ते वळते, म्हणून जागेवरच गावठी बोरीचे बी लावून त्यावर पावसाळ्यात चांगल्या वाणाचा डोळा (कळी) भरून घेतलेले झाड नर्सरीच्या मोठ्या रोपापेक्षा अधिक टिकते. आवळ्याची मात्र दोन वेगळी वाणे लावा, एनए-७ आणि कृष्णा अशी जोडी चालेल, कारण एकाच वाणाची फळधारणा कमी होते.

सीताफळ तुमच्या मुरमाला सगळ्यांत चपखल. बालानगर घ्या, किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातून पुढे आलेले एनएमके-१ गोल्डन, त्यात बिया कमी, गर जास्त आणि काढणीनंतर टिकते. सीताफळाची एक खोड समजून घ्या. त्याच्या फुलात आधी मादी भाग तयार होतो आणि पराग नंतर सुटतात. हवा कोरडी असली की मादी भागावरचा चिकटपणा वाळून जातो. म्हणून एप्रिल-मेमधली फुले बहुतेक गळतात आणि पावसाची दमट हवा आली की जून-जुलैत फळे भराभर धरतात. मेमधली फुले गळाली म्हणून औषधवाल्याकडे जाऊ नका. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पुरत नसताना लवकरच्या बहाराच्या मागेही लागू नका, पावसाच्या बहारावर सीताफळ जवळपास फुकटात येते.

शेवग्याची आठ-दहा झाडे जरूर घ्या. तमिळनाडूतील पेरियाकुलमचे पीकेएम-१ बी लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देते. झाड कमरेइतके झाले की शेंडा खुडा, फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडा, नाहीतर झाड आभाळात जाते आणि शेंग शिडीवरून काढावी लागते. शेंगांचा हंगाम संपला की जमिनीपासून तीन फुटांवर छाटून टाका, पुन्हा फुटते.

बांधावर चिंच आणि कुंपणाला करवंद. चिंच तुम्हाला आणि तुमच्या नातवाला दोघांनाही पुरून उरेल. लिंबाची दोन झाडे घरापुरती, पण चुनखडी असेल तिथे नाही. माती परीक्षणात मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर निघाला तर लिंबू पिवळे पडून बसते.

डाळिंबाबद्दल विचाराल हे ठाऊक आहे, सांगोल्यात राहून ते न विचारणे अवघडच. हवामान त्याचेच आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. पण तेलकट डाग पाडणारा तेल्या रोग, झाड वाळवणारा मर रोग आणि खोडाला बारीक भोके पाडणारा भुंगेरा यांनी आपल्याच तालुक्यात किती बागा उपटायला लावल्या ते शेजारी विचारा. डाळिंब पूर्णवेळ माणूस मागते. चार झाडे अंगणात लावा, भगवा वाण, जाणत्या माणसाने रोगमुक्त झाडावर बांधलेल्या गुटीचे, म्हणजे फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप. अर्धा एकर मात्र तुम्ही नव्याने सुरुवात करताना लावू नये, असे मला ठामपणे वाटते.

सफरचंदाचे सांगतो. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातून आलेले एचआरएमएन-९९ हे कमी थंडीत फुलणारे वाण महाराष्ट्रात अनेकांनी लावले आहे आणि त्याला फळे येतात. पण फळ पोसण्याचे दिवस नेमके मार्च ते मे, जेव्हा तुमच्या विहिरीत पाणी कमी असते आणि पश्चिमेच्या उन्हाने फळाची साल भाजते. नातवाला झाडावरून सफरचंद तोडण्याचा आनंद हवा असेल तर घराच्या पूर्वेला, दुपारनंतर भिंतीची सावली पडेल तिथे दोन रोपे लावा, एकराच्या गणितात धरू नका. ड्रॅगन फ्रूटचेही कुणी सुचवेल. ते निवडुंगाच्या जातीचे म्हणून उन्हाला भीत नाही असे समजतात, प्रत्यक्षात एप्रिल-मेमध्ये त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात आणि वर शेडनेट लागते. खांब, चक्र, नेट असा खर्च आधी मोजा.

आत्ता एप्रिल आहे, तर कामे अशी. टोमॅटो-मिरचीचे प्लॉट मोकळे करून नांगरून तापू द्या. त्यातला रोपवाटिकेपुरता तुकडा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत दाबा आणि पाच-सहा आठवडे तसाच ठेवा. खाली माती इतकी तापते की मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी बरेचसे मरते. हे काम थंड प्रदेशातल्या शेतकऱ्याला जमणार नाही, आपल्याला ऊन फुकट आहे. ऑगस्टमधली टोमॅटोची रोपे याच तुकड्यावर घ्या.

फळझाडांचे खड्डे मे महिन्यात घ्या, मुरमात दोन नव्हे तीन फूट लांब-रुंद-खोल, कारण खालचा थर फुटला नाही तर मूळ खड्ड्यातच फिरत राहते. सीताफळाला १५ फूट, बोराला २०, आवळ्याला २२-२३ फूट अंतर. खड्डे महिनाभर तापू द्या, मग तळ्यातली पोयटा माती, दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून पावसाआधी भरा. शेणखत कुजलेलेच हवे, कच्च्याने वाळवी येते.

लागवड जूनमध्ये करू नका. पुस्तकात जून लिहिलेला असतो, पण सांगोला पर्जन्यछायेत आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस हुलकावणी देतो आणि खरा भरवसा उत्तरा-हस्ताचा. जूनच्या एका सरीवर लावलेली रोपे जुलैच्या वाऱ्यात वाळतात. ऑगस्टच्या शेवटी, खड्ड्यातली माती पावसाने दबून बसल्यावर आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. डोळा भरलेला किंवा कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील असे पाहा, जोडाखालून फुटणारी फूट दर महिन्याला काढा, आणि काठीचा आधार पश्चिमेच्या बाजूला रोवा. पुढे पाच-सहा महिने विहिरीला पाणी असते, तेवढ्यात मुळे खोल जातात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र प्रत्येक रोपाला दोन दिवसांआड आठ-दहा लिटर, बुंध्याभोवती पाचट आणि पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा लागेल, ते पाणी भाजीच्या हिशोबातून आधीच बाजूला काढून ठेवा.